बैठक बायकांची घ्या

मैत्रिणींनो, बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथा घाट लागतो. तेच ज्ञानगंगा अभयारण्य, अस्वलांचं घर. जवळच्याच एका गावात ‘अस्वलापासून सावध राहा’ अशी सभा मी पाहिली. चावडीवर सगळे पुरुष, बायका लांब भिंतीआड. अहो, पण पहाटे सरपणाला जातं कोण? सिलिंडर परवडत नाही म्हणून तुम्हीच ना!

अस्वलाची नजर अधू, नाक मात्र तिखट. वारूळ उकरण्यात ते दंग असतं. आपण नकळत जवळ गेलो की दचकतं, अंगावर येतं नि थेट तोंडावर पंजा मारतं. मादीच्या पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. म्हणून एकटीनं जायचं नाही. चांगलं उजाडल्यावर, चौघींनी मोठ्यानं गप्पा मारत जायचं (ते आपल्याला छान जमतं!). दिसलंच तर पळू नका, हळूहळू मागं सरका. झडप घातलीच, तर पालथं पडून मान नि चेहरा हातांनी झाका.

वनखात्याला माझं एवढंच सांगणं आहे : पुढची सभा बचत गटात घ्या. तीही दुपारी, भांडीकुंडी आटोपल्यावर.