भेगेतला पांढरा ओघळ

पाऊस सरला की स्लॅबच्या भेगेखाली पांढरे ओघळ दिसतात. ‘लोणा लागलाय’ म्हणत आपण वरून रंग मारतो. पण तो असतो चुना, म्हणजे कन्नडातले सुण्ण! भेगेतून झिरपणारे पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणते. हवा लागताच त्याचा थर बसतो. हाच चुना आतल्या सळईला गंजापासून जपतो. तो गेला की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. केसाएवढी भेग कधीकधी याच चुन्याने बुजतेही. मात्र ओलीच्या जागी ती ०.२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी, असे ‘आयएस ४५६’ हे भारतीय मानक सुचवते. म्हणून आधी गच्चीवर जा, तुंबलेले पाणी काढा, भेग जाणत्या गवंड्याकडून बुजवून घ्या. रंगाचे दिवाळीला बघू.