मोबाईल एक, गुन्हे दोन

मोबाईलशिवाय आठवडाभर राहून दाखवा अशी पैज कुणी लावली, तर आपल्या होस्टेलमधून किती हात वर येतील? फारच थोडे! पण जगात एक जागा अशी आहे, की जिथे खिशात मोबाईल सापडणं हाच मुळी गुन्हा. ती जागा म्हणजे तुरुंग. आता यात वाद कसला, कैद्याला मोबाईल हवाच कशाला, असं आपण सहज म्हणून जातो. पण खरा प्रश्न पुढे आहे. सापडला तर शिक्षा किती?

कडक शिक्षेच्या बाजूने आधी बोलू. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात रॉबर्ट जॉन्सन हे ली तुरुंगातले अधिकारी. चोरून आत येणाऱ्या वस्तू पकडणं हेच त्यांचं काम. ५ मार्च २०१० च्या पहाटे त्यांच्या घराचा दरवाजा फोडून एकाने त्यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या. सुपारी दिली होती तुरुंगातूनच, चोरट्या मोबाईलवरून. जॉन्सन वाचले, पण नशिबाने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कायदा झाला, की केंद्रीय तुरुंगात मोबाईल सापडल्यास एक वर्षापर्यंत जादा कैद. हे वाचून कुणीही म्हणेल, बरोबरच आहे.

आता दुसरी बाजू. मिसिसिपी राज्यात २०१७ मध्ये एका माणसाला किरकोळ गुन्ह्यासाठी स्थानिक कोठडीत आणलं. आत घेताना त्याची झडती बहुधा नीट झालीच नाही, आणि मोबाईल खिशातच राहिला. या पठ्ठ्याने काय करावं? सरळ पहारेकऱ्यालाच म्हणाला, जरा चार्जिंगला लावता का! लपवालपवी नाही, सुपारी नाही, बायकोला मेसेज मात्र केला होता. शिक्षा झाली १२ वर्षं! तिथल्या कायद्यात ३ ते १५ वर्षांची तरतूद, आणि माणसाच्या नावावर घरफोडीचे जुने गुन्हे. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. निकालाशी सहमत असलेल्या एका न्यायमूर्तींनीही, हे प्रकरण म्हणजे आपल्या न्यायव्यवस्थेचं अपयश दिसतं, असं नोंदवून ठेवलं.

दोन्हीकडे वस्तू एकच. गुन्हा मात्र एक आहे का? कायदा जेव्हा फक्त वस्तू मोजतो आणि तिचं काय केलं हे बघत नाही, तेव्हा असा घोळ होतो.

आपल्याकडे काय? तुरुंगात बंदी असलेली वस्तू नेली तर १८९४ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. त्या काळी मोबाईल कुणाच्या स्वप्नातही नव्हता, आणि आज २०० रुपयांना घाबरणार कोण? म्हणून २०२३ च्या केंद्राच्या आदर्श कायद्यात मोबाईलसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं सुचवलं आहे. पण तुरुंग हा राज्यांचा विषय. म्हणजे नमुना दिल्लीचा असला, तरी शेवटचा शब्द राज्याचा. तिथेच विचार व्हायला हवा.

आपल्यासारखे इंजिनियर लगेच म्हणतील, जॅमर बसवा, विषय संपला! इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. जॅमर ठरावीक फ्रिक्वेन्सीवर काम करतो. टू-जीसाठी बसवलेला जॅमर फोर-जीला अडवत नाही. पॉवर वाढवावी तर भिंतीपलीकडच्या चाळीतले फोन बंद. शिवाय मोबाईल आत उडून येत नाही (ड्रोन सोडले तर!). कुणीतरी तो भिंतीवरून फेकतं, नाहीतर पगारी माणूसच पैसे घेऊन आत पोचवतो.

माझं मत सांगतो. पहिलं, नुसता मोबाईल सापडणं आणि त्यावरून खंडणी मागणं, साक्षीदाराला धमकावणं हे दोन वेगळे गुन्हे धरावेत. पहिल्याला सौम्य शिक्षा, दुसऱ्याला जबर. दुसरं, आणून देणारा कर्मचारी असेल तर त्याला कैद्यापेक्षा जास्त शिक्षा व्हावी, कारण दाराची किल्ली त्याच्याकडे आहे. तिसरं, घरी बोलण्याची अधिकृत सोय स्वस्त आणि पुरेशी करावी. आपल्या राज्यातल्या कारागृहांत फोनची सोय आहे, ती वाढवावी. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०२२ पासून कैद्यांचे कॉल मोफत केले आहेत. आईशी बोलायला चोरटा फोन लागत नसेल, तर चोरट्या फोनचं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल. उरेल तो खरा गुन्हेगार, आणि त्याला पकडणं सोपं जाईल.

कुणी म्हणेल, कैद्यांचे एवढे लाड कशाला? तर २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार आपल्या तुरुंगातल्या दर चार माणसांतले तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यातले काही उद्या निर्दोष सुटतील. पण मधल्या काळात घरी केलेल्या एका चोरट्या फोनपायी तीन वर्षांची शिक्षा झाली, तर मूळ खटल्यात निर्दोष ठरलेला माणूस मोबाईलसाठी आत बसेल. हा न्याय म्हणायचा का, ते आपणच ठरवा.