तळघराच्या कथा आणि वरची माणसं

अणुयुद्ध झालं की जमिनीखाली उतरायचं, दार लावायचं, दोन आठवडे काढायचे आणि वर येऊन नवी वस्ती वसवायची. अशा कथा मराठीत नाहीत म्हणून एक विद्वान गृहस्थ मराठी लेखकांना भित्रे ठरवतात. तळघराची कथा म्हणे वाचकाला जगण्याची जिद्द देते. मला ती शेजाऱ्याच्या मरणाला दिलेली आगाऊ संमती वाटते.

दोन आठवड्यांचा हिशेब चुकीचा नाही. स्फोटानंतरचा काळ सातपट झाला की किरणोत्सार साधारण एक दशांशावर येतो. हिरोशिमात स्फोटाच्या केंद्रापासून अवघ्या 170 मीटरवर तळघरात असलेले एइझो नोमुरा खरोखरच वाचले. पण ते वर आले तेव्हा हिरोशिमाबाहेर मदत करू शकणारं जग शिल्लक होतं, आणि या कथा नेमकं तेच विसरतात.

नगरकडच्या आम्हा कर्जतकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. 1972 च्या दुष्काळात इथली माणसं तगली ती दुष्काळी कामांवर, सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर. पुढच्या दुष्काळांतही पाणी टँकरने आलं, छावणीतला चारा दुसऱ्या जिल्ह्यांतून आला. कुठेतरी पिकलं होतं म्हणून इथे चूल पेटली. अणुयुद्धानंतर ते ‘कुठेतरी’ राहत नाही. जळत्या शहरांची काजळी पावसाच्या ढगांच्याही वर जाते, त्यामुळे पावसाने धुतली जात नाही आणि वर्षानुवर्षं ऊन अडवते. भारत-पाकिस्तान अणुयुद्धातही जगभर दोन अब्जांहून अधिक माणसं भुकेने मरू शकतात, असा अंदाज 2022 मध्ये ‘नेचर फूड’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. चौदा दिवसांच्या डब्यांवर मिटक्या मारणाऱ्या नायकाला पंधराव्या दिवशी काय खायला घालणार?

हवेबद्दलही तेच, बंद तळघरात तीही पुरत नाही. नगर-सोलापूरकडे ज्वारीचं पेव उघडलं की आत उतरण्याआधी कंदील सोडत. तो विझला तर कोणी उतरत नसे. बंद खड्ड्यात धान्यसुद्धा श्वास घेतं.

स्वित्झर्लंडचा दाखला हमखास येतो. तिथले निवारे 1963 च्या कायद्यानंतर सगळ्यांना जागा मिळावी या धोरणाने बांधले, एकट्या नायकापुरते नव्हे.

विज्ञानकथेने आशा द्यावी की नाही, हा वाद जुना आहे. आशा जरूर द्यावी, पण दाराबाहेर कोण राहिलं तेही लिहावं.

मराठीत अणुयुद्धाची कथा यायलाच हवी. ती आमच्या राशीनकडच्या एखाद्या शेतकरी बाईची असावी. दसऱ्याच्या सुमारास पेरलेली मालदांडी ज्वारी पौष सरला तरी निसवत नाही, हुरड्याचं नाव नाही, घरात उरलंय ते बियाणं. तळघरातून वाचून आलेला माणूस तिच्या दारात धान्य मागत उभा आहे. तिने ते द्यावं की राखावं, हे जो लेखक शेवटपर्यंत लिहील त्याची कथा मला वाचायची आहे.