वादकाच्या 'रिकाम्या' दिवसांचा हिशेब



या पानावर महागाई भत्ता, पेन्शन आणि न भरलेल्या जागा यांवर लिहायची मला सवय आहे. या खेपेस विषय जरा आडवळणाचा वाटेल. पण मुद्दा आपलाच आहे. ज्या वेळेचा पगार मिळत नाही, तो वेळ काम असतो की नसतो?

रायपूरच्या पंडरीत, कापड बाजारामागच्या गल्लीत, साठी ओलांडलेले एक गिटारवादक राहतात. धमतरीची छोटी लाईन जिथून जायची तिथे आता एक्सप्रेस वे आहे, त्याच बाजूला. वडील वॅगन दुरुस्ती कारखान्यात फिटर होते. मुलाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे इन्स्टिट्यूटच्या स्टेजवर रॉक वाजवायला सुरुवात केली आणि नोकरी धरलीच नाही. गल्लीतले लोक तोंडावर काका म्हणतात, पाठीमागे रिकामटेकडा.

हा रिकामटेकडा काय करतो ते मी जवळून पाहिले आहे. सकाळी दीड तास सराव, तोही अँप्लिफायर बंद ठेवून, कारण शेजारी कटकट करतात. बोटांची सवय आठवड्यात मोडते म्हणतात. मग दुरुस्ती. पावसाळ्यात तारा गंजतात, केबल आतून तुटते, सोल्डरिंग घरीच करावे लागते. दुपारी दोन मुले शिकायला येतात. संध्याकाळी फोनची वाट. आपल्या रनिंग स्टाफच्या बंधूंना कॉल येण्याआधीची ती घालमेल ठाऊक आहे. फरक एवढाच की आपल्याला कॉल येणार हे नक्की असते.

त्यांचे वर्ष पंचांगावर चालते. देवशयनी एकादशीपासून कार्तिकापर्यंत लग्ने बंद, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास. मधे गणपती आणि नवरात्राचा आधार. ज्याने तरुणपणी इंग्रजी रॉक घोटले तो आता जगरात्यात माताराणीची भजने वाजवतो, आणि चोख वाजवतो. यात कमीपणा कसला? मालगाडीचा ड्रायव्हर काही राजधानीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी ड्रायव्हर नसतो.

हे फक्त लहान शहरातल्या वादकाचे नाही. मुंबईचे नंदू भेंडे पाहा. नाटकवाले आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. मराठी घरातून येऊन इंग्रजी रॉकमध्ये नाव काढणारे त्या काळी किती असतील? १९७४ साली अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्युडास गाऊन उभा केला. त्याच वर्षी ८ मे ते २७ मे आपला ऐतिहासिक संप झाला. मी तेव्हा लहान होतो, संप वडीलधाऱ्यांकडून ऐकला, आणि भेंडे यांचे नाव तर फार उशिरा. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये त्यांचे गाणे आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी गायकाचे नाव न विचारता ऐकले असेल. एवढ्या नावाच्या माणसालाही रॉकने पोसले नाही. जाहिरातींची, मालिकांची संगीतकामे करावी लागली. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. गायकाचे निदान नाव तरी राहते. मागे गिटार वाजवणारा कोण होता, हे कोणी विचारत नाही.

आता आपल्याकडे वळू. आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली की रनिंग स्टाफला मुख्यालयात सोळा तासांची विश्रांती मिळते. ती कोणाची मेहेरबानी नाही, इंजिन चालवणारा ताजा राहावा म्हणून तो नियम आहे. म्हणजे गाडीवर नसलेला वेळही गाडीसाठीच असतो, हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. उलट आपले ग्रामीण डाक सेवक बंधू पाहा. त्यांचा भत्ता चार किंवा पाच तासांच्या हिशेबाने, आणि टपालाची पिशवी उशिरा आली तर वाट पाहणे त्यांच्या पदरी. पंडरीचा वादक या दुसऱ्या रांगेत, तीही सर्वांत मागे, कारण त्याला चार तासांचा हिशेबसुद्धा कोणी लिहून देत नाही.

मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, आपला पगार थांबला नाही. यांचे कार्यक्रम थांबले आणि त्याच दिवशी कमाई थांबली. काकांनी तेव्हा एक गिटार विकली. वर 'आता आराम असेल' असे ऐकून घेतले ते वेगळेच.

कोणी म्हणेल, नोकरी करायची होती. रेल्वेत सांस्कृतिक कोट्यातून झोनमध्ये भरल्या जाणाऱ्या जागा मोजक्याच, आणि सगळ्यांनी नोकरी धरली तर आपल्या पोरांच्या वरातीत वाजवणार कोण? डीजे लावतात म्हणा. पण रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो तेव्हा डीजेवाल्याचे भाडे आधीच खिशात असते आणि वादकाला 'बाकी उद्या' ऐकावे लागते. एका मंडळाने काकांचे दोन वर्षांपूर्वीचे निम्मे पैसे अजून दिलेले नाहीत. मंडळाचे पदाधिकारी बोनससाठी मोर्च्यात पुढे असतात, हेही सांगून टाकतो.

म्हणून आमच्या शाखेपुढे मी ठराव मांडत आहे. शाखेच्या वा इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमाला वादक बोलावले तर एक तृतीयांश रक्कम आगाऊ, तालमीच्या दिवसाचे वेगळे पैसे, कार्यक्रम आठ दिवसांच्या आत रद्द झाला तर निम्मी बिदागी, आणि उरलेली रक्कम वादक स्टेजवरून उतरण्याआधी. खजिनदार साहेबांचा तालमीच्या पैशाला विरोध आहे. त्यांच्या मते तालीम ही वादकाची खासगी बाब आहे. मी त्यांना एवढेच विचारले की लोको पायलट नव्या सेक्शनवर रोड लर्निंगला जातो तेव्हा तो सहलीला जातो काय? त्यावर अजून उत्तर आलेले नाही. ठराव पुढच्या कार्यकारिणीत मतास येईल. इतर शाखांत असे काही केले असल्यास दर कळवावेत, आम्हाला आकडा ठरवायला उपयोग होईल.