मैदान आहे, शिकवणारा नाही
आखाडा बाळापूरसारख्या गावात पहिली ते पाचवीला खेळाचा स्वतंत्र शिक्षक का नसतो, याचे उत्तर कायद्यातच सापडते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची मैदान प्रत्येक शाळेला सक्तीचे करते. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीलाच, तेही पट १००च्या वर असेल तर. म्हणजे अंगाला वळण लागण्याच्या वयात मैदान आहे (निदान कागदावर), शिकवणारा नाही. वर्गशिक्षक खेळ घेतातच, असे कुणी म्हणेल. घेतात; पण दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्याकडून खो-खोत खांबाशी वळण्याचे तंत्रही मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे. लहान पटाला स्वतंत्र पद परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा. मग पद शाळेला नको, शाळांच्या समूहाला, म्हणजे केंद्राला द्यावे: केंद्रप्रमुख ज्या शाळा फिरतात, त्या शाळांनीच एक निदेशक वारांप्रमाणे वाटून घ्यावा.