विश्लेषण : शिराळ्याच्या रस्त्यांवर सेडान परवडते का?

पेठ नाक्यावरून पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागलेली सेडान आणि कोकरूड, चरण, आरळा करत चांदोलीकडे निघालेली तीच सेडान, मालकाला या दोन वेगळ्या गाड्या वाटतात. पहिली शांत, स्थिर आणि इंधनाला काटकसरी. दुसरी प्रत्येक गतिरोधकाला श्वास रोखून धरायला लावणारी. शिराळा तालुक्यात एक पाय गावात आणि एक पाय मुंबई-पुण्यात असलेली कुटुंबे बरीच आहेत. घर आणि शेतीनंतरचा सर्वांत मोठा खर्च बहुधा गाडीवरच होतो आणि हप्ते पाच-सात वर्षे चालतात. त्यामुळे ‘सेडान घ्यावी की उंच गाडी’ हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

मध्यम आकाराची सेडान म्हणजे कोणती?

इंजिन, प्रवासी आणि सामान यांसाठी तीन वेगळे भाग असलेली, मागे स्वतंत्र डिकी असलेली गाडी म्हणजे सेडान. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या डिझायरसारख्या गाड्या ‘कॉम्पॅक्ट सेडान’ ठरतात. साधारण साडेचार मीटर लांबीच्या गाड्या मध्यम वर्गात येतात. होंडा सिटी १९९८ मध्ये, तर ह्युंदाई व्हर्ना २००६ मध्ये भारतात आली. मारुती सियाझ २०१४ मध्ये आणि स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ मध्ये आल्या. एके काळी डॉक्टर, प्राध्यापक, बागायतदार यांच्या दारात अशी गाडी उभी राहणे ही घराच्या स्थैर्याची खूण मानली जाई. आज ती जागा उंच बांध्याच्या एसयूव्हीने घेतली आहे.

महामार्गावर मालक समाधानी का असतात?

सेडानचा गुरुत्वमध्य खाली असतो. त्यामुळे वळणावर गाडी कमी झुकते, मागे बसलेल्यांना कमी हेलकावे बसतात आणि मुलांना गाडी लागण्याचे प्रमाणही कमी राहते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. बुटकी, निमुळती गाडी या रोधाला कमी तोंड देते. म्हणूनच सारखेच इंजिन असूनही मोठ्या प्रवासात सेडानचे अ‍ॅव्हरेज एसयूव्हीपेक्षा सहसा चांगले पडते.

दुसरे समाधान डिकीचे. या वर्गातील बहुतेक गाड्यांची डिकी ५०० लिटरच्या पुढे आहे. गावाकडून पुण्या-मुंबईला निघताना तांदळाचे पोते, गुळाची ढेप, भाजीपाला आणि चौघांच्या बॅगा एकदम मावतात. शिवाय डिकी प्रवासी कक्षापासून वेगळी असल्याने सामानाचा वास किंवा धूळ आत येत नाही. मागच्या आसनावर पाय पसरायला मिळणारी जागा हा तिसरा मुद्दा. लांबच्या प्रवासात घरच्यांना सर्वांत आधी तीच जाणवते.

सुरक्षिततेतही हा वर्ग मागे नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ मधील चाचण्यांत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले. अर्थात, मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नाही तर ताऱ्यांचा उपयोग नाही.

सध्या सातारा ते कागल टप्प्यात महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते आणि खडबडीत पट्टे आहेत. तेथे मात्र महामार्गावरही सेडानवाल्याला गावातल्यासारखीच गाडी चालवावी लागते.

गावात शिरताच गाडी खाली का घासते?

तक्रारींत पहिला क्रमांक याचाच. होंडा सिटीचा तळ जमिनीपासून १६५ मिलिमीटर, सियाझचा १७०, तर स्लाव्हिया व व्हर्टसचा १७९ मिलिमीटर उंच आहे. हे आकडे वाईट नाहीत. पण ते सहसा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसे आणि भरलेली डिकी असली की मागचे स्प्रिंग दबतात आणि तळ काही सेंटिमीटर खाली येतो. चालक एकटा असताना सहज ओलांडलेला गतिरोधक जत्रेहून परतताना तळाला लागतो, तो यामुळेच.

दुसरे कारण गाडीच्या लांबीत आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे २.६ मीटर अंतर असते. गतिरोधक अरुंद आणि उंच असेल तर चाके दोन्ही बाजूंना खाली आणि उंचवटा बरोबर मध्ये, अशी स्थिती होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. असा गतिरोधक कोणतीही सेडान तळ न घासता ओलांडते. गावोगावी वाळू-सिमेंटचे किंवा डांबराचे जे आडवे बांध घातले जातात, ते या मापाच्या जवळपासही नसतात. म्हणजे दोष पुष्कळदा गाडीचा नसून गतिरोधकाचा असतो. दंड मात्र गाडीच्या मालकाला बसतो.

अनुभवी चालक असा बांध तिरका घेतात. एकेक चाक चढवले की तळाला उंची मिळते. काही जण उंच स्प्रिंग किंवा रबरी पॅकिंग बसवून गाडी उचलून घेतात. तसे केल्यास गाडीचे संतुलन बिघडू शकते आणि वॉरंटीवरही परिणाम होऊ शकतो. टायरमध्ये योग्य हवा ठेवणे आणि डिकीत भार कमी करणे हे उपाय साधे आहेत आणि जास्त खात्रीचेही.

टायरचा मुद्दाही जोडूनच येतो. या वर्गातील अनेक गाड्यांना २०५/५५ आर १६ मापाचे टायर असतात. त्यांच्या बाजूच्या रबराची उंची सुमारे ११३ मिलिमीटर असते. मध्यम एसयूव्हींत आढळणाऱ्या २१५/६० आर १७ टायरमध्ये ती १२९ मिलिमीटर भरते. साइडपट्टी खचलेल्या रस्त्यावर समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी चाक खाली उतरवावे लागते, तेव्हा डांबराच्या धारदार कडेने टायरची बाजू कापली जाते. बाजूने कापलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

घरातील ज्येष्ठांचे काय?

गाडी घेताना हा प्रश्न क्वचित विचारला जातो. घरात आल्यावर मात्र तो रोज समोर येतो. सेडानमध्ये वाकून, खाली जाऊन बसावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन उठावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजींना, विशेषतः नऊवारीत, ते अवघड जाते. उंच गाडीत बसताना आसन साधारण कमरेच्या पातळीला येते, तेथे नुसते सरकून बसता येते. उलट फार उंच एसयूव्हीत पायरीवर चढावे लागते, तेही अनेकांना जमत नाही. म्हणून शोरूममध्ये जाताना घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला सोबत नेऊन चार-पाच वेळा चढ-उतर करून पाहणे, ही चाचणी अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हइतकीच महत्त्वाची आहे.

चालकालाही उंचीचा फरक जाणवतो. वारणाकाठी दोन्ही बाजूंना ऊस उभा असताना खाली बसलेल्या चालकाला वळणापुढचे कमी दिसते. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चाललेला ट्रॅक्टर अचानक पुढे उभा ठाकतो. तेथे वेग कमी ठेवण्याला कोणत्याही गाडीत पर्याय नाही.

अ‍ॅव्हरेज आणि इथेनॉलचा हिशेब काय?

या वर्गात आता नवी डिझेल गाडी मिळत नाही. सियाझचे डिझेल २०२० मध्ये, तर सिटी आणि व्हर्ना यांचे डिझेल २०२३ मध्ये उत्सर्जनाचे निकष कडक झाल्यावर बंद झाले. त्यामुळे डिझेलच्या अ‍ॅव्हरेजची सवय झालेल्या मालकांना पेट्रोलचा खर्च खटकतो. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १५ ऐवजी १३ किलोमीटर चालली, तर १२० लिटरहून अधिक पेट्रोल जादा लागते. घाट आणि गावातील थांबत-थांबत चालणे वाढले की फरक याहून मोठा होतो.

त्यात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर पडली आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. अ‍ॅव्हरेजमधील घट काही गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतरांत ३ ते ६ टक्के असू शकते, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. सांगली जिल्ह्यात या प्रश्नाला दोन बाजू आहेत. इथेनॉलमुळे कारखान्याला उत्पन्नाचा आणखी एक मार्ग मिळतो आणि ऊस उत्पादकाचे बिल वेळेवर निघण्यास त्याची मदत होते. त्याच उत्पादकाच्या गाडीला मात्र पंपावर थोडे अधिक पेट्रोल लागते. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर ती या इंधनासाठी योग्य आहे का, हे वाहनासोबतच्या पुस्तिकेत किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावे.

पावसाळ्यात कोणती काळजी?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात वारणाकाठच्या गावांत पाणी शिरले आणि कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला. पाणी साचलेल्या रस्त्यात सेडानला धोका अधिक, कारण इंजिनात हवा ओढून घेणारी नळी तुलनेने खाली असते. तिच्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेले की ते दाबले जात नाही आणि आतील भाग वाकतात. अशा वेळी बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करणे ही सर्वांत महाग चूक ठरते. गाडी टो करून गॅरेजला न्यावी.

साध्या सर्वंकष विम्यात अशा इंजिनबिघाडाची भरपाई बऱ्याचदा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा संरक्षण घ्यावे लागते. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने विम्याचे नूतनीकरण करताना ही एक ओळ तरी नक्की वाचावी.

किमतीत कराचा वाटा किती?

चार मीटर ही रेषा केवळ लांबीची नाही, ती कराचीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. मध्यम सेडानवर तो ४० टक्के आहे. त्यापूर्वी उपकर धरून हे दर अनुक्रमे २९ आणि ४५ टक्के होते. म्हणजे दोन्हींचा कर घटला, पण दोहोंतील अंतर १६ वरून २२ टक्क्यांवर गेले.

उदाहरणार्थ, करापूर्वी आठ लाख रुपये किंमत धरू. छोट्या गाडीची किंमत करासह ९ लाख ४४ हजार होते, मध्यम सेडानची ११ लाख २० हजार. राज्यात खासगी पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के वाहनकर आहे. तो मिळवला की फरक दोन लाखांच्या पुढे जातो. हा पैसा जादा लोखंडाचा किंवा इंजिनाचा नव्हे, निव्वळ कराचा.

कंपन्या हा वर्ग का सोडत आहेत?

२०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांत एसयूव्ही आणि बहुउपयोगी वाहनांचा वाटा सुमारे ६५ टक्के होता. खराब रस्ते, उंच बसण्याची आवड आणि रुबाबाच्या बदललेल्या कल्पना या तिन्हींचा हा परिणाम. टोयोटाची यारिस २०२१ मध्ये बंद झाली, मारुतीने २०२५ मध्ये सियाझ थांबवली.

जुन्या मालकांची चिंता यातूनच येते. बंद झालेल्या मॉडेलचे फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे भाग सहज मिळतात, कारण ते सतत लागतात आणि पर्यायी उत्पादकही ते बनवतात. अडते ते बंपर, दिवे, दाराचे पत्रे अशा अपघातानंतर लागणाऱ्या भागांशी. मोठ्या कामासाठी इस्लामपूर (आता ईश्वरपूर), कराड, सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागत असेल तर भाग येईपर्यंत गाडी तेथेच अडकते. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र याची एक चांगली बाजू आहे. मागणी घटल्याने चांगल्या स्थितीतील जुनी सेडान तिच्याच वयाच्या एसयूव्हीपेक्षा सहसा स्वस्त मिळते.

मग निर्णय कसा घ्यावा?

ब्रँडची तुलना करण्यापूर्वी वर्षभराच्या किलोमीटरची विभागणी करावी. निम्म्याहून अधिक धाव महामार्गावर असेल, गाडीत बहुतेक वेळा चारच माणसे असतील आणि दारापर्यंत बरा रस्ता असेल, तर याच किमतीच्या एसयूव्हीपेक्षा सेडान अधिक आराम देते. रोजचे जाणे-येणे तालुक्याच्या पश्चिम भागात असेल, शेताच्या वाटेने गाडी न्यावी लागत असेल किंवा घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील, तर उंच गाडीच सोयीची. गाडी गावातच फिरणार आणि पुण्याची वारी वर्षातून दोनदाच होणार असेल, तर चार मीटरच्या आतील गाडी घेऊन कराचे दोन लाख वाचवणे शहाणपणाचे.

मात्र, प्रश्न केवळ घेणाऱ्याच्या निवडीचा नाही. लोक सेडान सोडून महाग, जड आणि अधिक इंधन खाणारी गाडी घेतात, त्यामागे आवडीइतकाच रस्त्यांचा वाटा आहे. निकषाबाहेरचा गतिरोधक आणि खचलेली साइडपट्टी यांची किंमत शेवटी घराघरांतल्या हप्त्यात मोजली जाते. ग्रामपंचायतीने गतिरोधक ठरलेल्या मापाचे केले आणि बांधकाम विभागाने साइडपट्ट्या वेळेवर भरल्या, तर हा खर्च टळेल. त्याचा फायदा सेडानवाल्यांबरोबरच दुचाकीस्वार, एसटीचे प्रवासी आणि रुग्णवाहिकेतील रुग्ण यांनाही होईल.