पंख लाकडाचे, जीव आपला!

परवा जळगावहून मित्राचा फोन. "भो, विमान घेतोय!" मला वाटलं, तिकीट काढतोय. पण नाही! पठ्ठ्याला इंग्लंडमध्ये एक जुनं टायगर मॉथ विकायला असल्याचा पत्ता लागला होता. वर-खाली दोन पंख, उघडं कॉकपिट, पिवळाधमक रंग. किंमत? जळगावात झकास फ्लॅट येईल एवढी. फोटो बघून मीही फ्लॅट!

त्याचं वेड समजू शकतं. साहेब विमान चालवायला शिकले धुळ्यात. 1929 मध्ये जे.आर.डी. टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. त्याच क्लबने पुढे धुळ्यात ट्रेनिंग सुरू केलं. आणि 1932 मध्ये जेआरडींनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्या पस मॉथचे पंखही लाकडाचेच होते.

पण बॉस, लोचा इथेच आहे. मित्र शिकला सेसनावर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांवर. लाकडी पंख कापडात गुंडाळलेला असतो. दुखणं आत आणि वरून रंग नवाकोरा. मग मी चार दिवस या विषयाचा पिच्छाच पुरवला. ही घ्या चेकलिस्ट.

गोंद कुठला? जुन्या विमानांत दुधातल्या केसीनपासून केलेला गोंद असायचा. ओल लागली की तो सुटतो. 1931 मध्ये अमेरिकेत कॅन्ससमध्ये फोकर विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला. आठही जण गेले. पंखात पाणी मुरून गोंद सुटला होता.

वाजवून बघा. माठ घेताना आपण बोटाने वाजवतो ना? इथेही तेच. प्लायवूड खणखणीत वाजलं पाहिजे. आवाज बद्द आला तर थर सुटलेत समजा.

वास घ्या. पंखाला खालून पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली असतील आणि आतून कुबट वास आला, तर सावधान. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. बोल्टभोवतीचे काळे डागही बघा.

आडवी चीर शोधा. पंखाच्या मुख्य दांड्यावर, लाकडाच्या रेषांना आडवी गेलेली केसाएवढी चीर म्हणजे कधीतरी जबरदस्त दणका बसलाय. लॉगबुकात त्याची नोंद नसेल, तर विकणाऱ्याला विचारा.

लोखंडही बघा. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात एका टायगर मॉथचे पंख तुटले, दोघे गेले. खालचे पंख धडाशी जोडणाऱ्या पोलादी सळयांना आधीपासूनच चिरा होत्या. या सळया कधी बदलल्या, कोणाच्या बनावटीच्या घातल्या, ते कागदावर हवंच.

शेवटचं म्हणजे, ठेवणार कुठे? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात, पाठोपाठ पावसाळा. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं आळून खिळखिळी होतात, हे आजोबांच्या पिढीला पाठ होतं. विमानाचं लाकूड काही वेगळं नाही. पक्कं हँगर आणि डीजीसीएची परवानगी, दोन्हींची सोय आधी. पैसे नंतर.

हे सगळं ऐकल्यावर मित्र खट्टू. "म्हणजे घेऊच नको?"

"घे की! पण फोटोतला रंग घेऊ नकोस. लाकडी विमानं कळणारा इंजिनीअर ने आणि कापड उघडून आत बघायला माग. नाही म्हणाला, तर फोन ठेव."

त्याने विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, "पंखाच्या आत शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं?"

उत्तर आलं, "रंग गेल्याच वर्षी दिलाय."

मित्राने फोन ठेवला. आता पुढच्या जाहिरातीची वाट बघतोय.